खेचराला दिलेलं आवतण

ग्रीसहून परतल्यावर माझे सासरे जेवेनासे झाले. चहा घ्यायचे, दूध घ्यायचे, केळं सोलून हातात दिलं तर अर्धं खायचे. पण पानावर बसायचं म्हटलं की, "तुमी जेवून घ्या, मी थांबतो," म्हणायचे. कुणासाठी थांबताय असं विचारलं की मागच्या दाराकडे बघायचे. ते दार काचेचं आहे. त्याच्यापलीकडे लंडनच्या पिनर भागातल्या सगळ्या घरांना असतो तसला लांबट बगीचा, तिन्ही बाजूंनी उंच हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आणि बाजूच्या बोळाच्या फाटकाला आतून कडी. तिथून कुणी यायचं म्हटलं तर मला विचारूनच यावं लागतं.

मी पुण्याची. गूढ वगैरे गोष्टींचा मला मुळातच कंटाळा. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या त्यांना गोड शब्दांत सांगायच्या. गोड शब्द मला ऑफिसातच जमतात, घरी येईपर्यंत ते संपलेले असतात. तेव्हा पुढचं सगळं एका भांडखोर आणि संशयी बाईने सांगितलेलं आहे, हे आधीच लक्षात घ्यावं.

सासरे, म्हणजे अप्पा, यवतमाळकडचे. लहानपण बैलांमागे गेलं, नंतर निवृत्त होईपर्यंत सरकारी बस चालवली. त्या जुन्या बसच्या स्टिअरिंगने त्यांचा उजवा खांदा खाल्ला आणि डाव्याचीही फारशी धड अवस्था ठेवली नाही. हात कानाच्या वर जात नाहीत. स्वेटर काढायचा तर मागून कुणीतरी ओढावा लागतो. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांना इकडे आणलं, तेव्हापासून ते आमच्याकडेच. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, कौन्सिलचे कचऱ्याचे डबे त्या त्या दिवशी बाहेर लावणं, आम्ही कामावर असताना आलेली पार्सलं घेणं ही कामं त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतली. कुरकुर नाही. मलाच कधी कधी वाटायचं, यांनी एकदा तरी भांडावं.

तर ग्रीस. मेच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, कुठं जायचं हे आमची चौदा वर्षांची मुलगी ठरवते, आणि तिने एक बेट ठरवलं. खाली समुद्र, वर कड्यावर पांढरं गाव, आणि दोन्हींच्या मधे उभ्या चढाच्या दगडी पायऱ्या. वर जायला केबल कार आहे, पण त्या दिवशी एक मोठी बोट लागली होती आणि रांग थेट धक्क्यापर्यंत आली होती. पायऱ्यांच्या तोंडाशी खेचरं आणि गाढवं उभी होती. उन्हात, एकाला एक चिकटून, नाकावर साखळ्या. बाजूला एक बादली होती, ती पालथी.

नवरा म्हणाला, "अप्पांचे गुडघे बघता आपण हे घेऊ. इट्स पार्ट ऑफ द एक्सपीरियन्स."

"डॅड, इट्स लिटरली क्रुएल्टी," मुलगी म्हणाली. "मी नाही बसणार. मी चालत जाणार." आणि ती खरंच पायऱ्या चढायला लागली.

माझ्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांना गाढवावर चढवायला दोन माणसं लागली. ते बसल्यावर खालचं गाढव दिसेनासंच झालं, फक्त चार पाय राहिले. मला हसू आलं नाही हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजूबाजूचे सगळे हसत होते. अप्पांच्या वाट्याला एक तपकिरी खेचर आलं, तोंडावरचे केस पिकलेले, कपाळावर दृष्ट लागू नये म्हणून निळे मणी. गळ्यातल्या घंटेला तडा गेला होता. ती खणखणायची नाही, पत्र्याचा डबा आपटावा तशी खडखडायची.

निम्म्या वाटेवर अप्पा म्हणाले, "उतरवा मले." नवऱ्याने समजावलं, खेचरवाल्याने हातवारे केले, पण हे ऐकेनात. म्हणाले, "याचा श्वास मायाच्यानं ऐकवत नाई." उतरले. मग उरलेला चढ बसत उठत ते चालत चढले, आणि त्यांच्यामागून ते खेचर रिकामं, एकेक पायरी, ते थांबले की थांबत आणि निघाले की निघत वर आलं. खेचरवाला मागून मोठ्याने हसत होता. मला त्या दोघांच्या चालीकडे बघवेना. ती एकच चाल होती.

संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथून जात होतो. ऊन अजून भरपूर होतं, शेवटची माणसं उतरून गेली होती, आणि खेचरवाला एका भिंतीच्या आडोशाला खोगिरं उतरवत होता. अप्पांच्या खेचराचं खोगीर निघालं तेव्हा खालची कातडी दिसली. मानेच्या बुडाशी तळहाताएवढा भाग सोलून निघाला होता. त्यावर माश्या बसल्या होत्या, आणि ते खेचर शेपूटसुद्धा हलवत नव्हतं. त्याने माश्यांचा नाद सोडला होता. मुलगी तिथंच रडायला लागली.

अप्पांनी मला तूप-हळद आणायला हॉटेलवर पाठवलं. आपली माणसं सातासमुद्रापार गेली तरी मेतकूट, तूप आणि सर्दी झालीच तर दुधात घालायला हळद बरोबर असते. मी तुपाची बाटली आणि हळदीची पुडी घेऊन आले. पुण्यात मी पोळा बघितला तो बाजारातल्या मातीच्या बैलांचा, त्यामुळे पुढं त्यांनी जे केलं ते मला माहीत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तूप-हळद लावून तो शेकायचा, मळायचा. आणि मग बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, माणसाला देतात तसं, तोंडाने. दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी घातल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही.

भिंतीवर अंजिराचं झाड वाढलं होतं. त्याची दोन पानं तोडून अप्पांनी त्यावर तूप आणि हळद कालवली आणि जखमेच्या कडेकडेने, अजिबात घाई न करता, ते खेचराची मान मळत राहिले. दुखऱ्या हाताने. खेचराने मान खाली सोडली. खेचरवाला आधी ओरडला, मग सिगारेट पेटवून बघत बसला, आणि म्हणाला, "ओल्ड. टुमारो, फिनिश." असं म्हणून त्याने हनुवटीने डोंगराच्या मागच्या बाजूला दाखवलं.

अप्पांनी मुलाला विचारलं, "काय म्हनते तो?"

माझ्या नवऱ्याचा स्वभाव असा की, वाईट बातमी तो कधी अख्खी देत नाही, पाणी घालून देतो. म्हणाला, "उद्यापासून रिटायर होतंय म्हणे ते."

अप्पांचा चेहरा इतका उजळला की खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "मंग उद्या सुट्टीच हाय गड्याले," ते म्हणाले, आणि वाकून त्याच्या कानाशी, बैलाला सांगतात तेच बोलले: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

जे जनावर उद्या या जगात असणार नव्हतं, त्याला त्यांनी उद्याचं जेवणाचं आवतण देऊन ठेवलं. मला आणि मुलीला ते कळलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं आमचं विमान होतं. टॅक्सीत अप्पांना एकदम आठवलं आणि ते म्हणाले, "अरे, त्याचं जेवन?" नवरा हसत म्हणाला, "अप्पा, ते काय येणार आहे का लंडनला?" अप्पा हसले नाहीत.

आणि मग हे जेवेनासे झाले.

पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, प्रवासाने पोट बिघडलं असेल. मग नवऱ्याने बापाला समजावलं, मग रागावला, मग त्यांच्या पट्ट्याला आणखी आत एक भोक पाडून दिलं. डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, रिपोर्ट सगळे ठीक आले, फक्त साखर फार खाली जात होती आणि त्या वयात ते बरं नव्हे असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, म्हणाल्या. अप्पांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "त्यायले सांग, मी उपाशी नाई. मी फकत पाहुन्याच्या आंधी जेवत नाई."

मी ते भाषांतर केलं नाही. काय करणार?

आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. असाच एक दिवस, भर दुपार, बाहेर रिपरिप पाऊस. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हिडिओ कॉलवर होते आणि अप्पा काचेच्या दारापाशी खुर्चीत. ऑफिसातले एक गृहस्थ बोलता बोलता थांबले आणि हसून म्हणाले, "सॉरी, हॅव यू गॉट अ गोट?" दुसरी कुणीतरी म्हणाली, "आय कॅन हिअर इट टू. अ लिटल बेल." सगळे हसले. मी कानाला हेडफोन लावलेले, त्यामुळे मला काही ऐकू आलं नव्हतं. मी ते काढले. खडखड, खडखड. पत्र्याच्या डब्यासारखी. मग थांबली.

मी वळून बघितलं. बगीच्यात कुणी नव्हतं. अप्पा मात्र उठले होते आणि दारातली आपली खुर्ची ओढून बाजूला घेत होते, कुणाला तरी वाट मोकळी करून द्यावी तशी.

त्यानंतर मी रीतसर तपास केला. कुणाच्या मांजराला घंटा आहे का, शेजारच्या बाईंनी वाऱ्यावर वाजणारं काही टांगलंय का. नव्हतं. मग एकदा डबे ठेवायच्या बोळात मला वास आला. ओल्या गार दिवशी, तापलेल्या धुळीचा, घामाचा आणि लिदीचा वास. तो बेटावरच्या त्या पायऱ्यांचाच वास होता, नाकाला विचारायची गरज नव्हती. मी तिथंच उभी राहिले आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. भीती वाटली की मला राग येतो. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांवर खेकसले.

शेवटी जवळच्या हॅरोमधल्या एका देशी दुकानातून तयार पुरणपोळ्यांचं पाकीट आणलं, एक गरम केली, तूप सोडलं आणि अप्पांसमोर ताट बगीच्यात नेऊन ठेवलं. म्हटलं, घ्या, वाढलं पाहुण्याला. ते समाधानाने जरा पडायला गेले. तेवढ्यात मी पोळी उचलून खरकट्याच्या डब्यात टाकली आणि रिकामं ताट होतं तिथं ठेवून दिलं. उठल्यावर म्हटलं, बघा, जेवून गेला पाहुणा, आता बसा पानावर. अप्पा गुडघे धरत खाली वाकले आणि ताटावरून बोट फिरवलं.

"जनावरानं खाल्लेलं ताट वलं असते, बाई," ते शांतपणे म्हणाले. "हे कोनी तरी उचललं हाय."

त्यांनी मला पकडल्याचं मला वाईट वाटलं नाही. पण ते उठायला लागले तेव्हा त्यांना उठता येईना, आणि मी काखेत हात घालून उचललं तर हातात नुसती हाडं आली. तिथंच गवतावर बसून मी रडले. नवरा बाहेर आला आणि म्हणाला, "आता तू पण सुरू झालीस?"

"हो, मी पण," मी म्हणाले. "माणूस जातोय आपल्यासमोर, आणि तू बेल्टला भोकं पाडत बस."

रविवारी मी डाळ शिजवून, पुरण वाटून, माझ्या आईने केल्या असत्या तशा पोळ्या केल्या. ताट घासून पुसून घेतलं, त्यात पोळी, दूध, तूप. आभाळ खाली आलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. हेजचं एक पान हलत नव्हतं, एक पक्षी ओरडत नव्हता. मी ताट गवतावर ठेवलं, आत आले आणि सिंकशी उभी राहून काचेतून पाहत राहिले. इतकी टक लावून मी आयुष्यात काही पाहिलं नसेल. मागून कढईतलं तेल धुरायला लागलं म्हणून मी मान वळवली, गॅस बंद केला आणि परत पाहिलं. ताट जागेवर नव्हतं.

ते हेजपाशी सरकलं होतं, जीभ लावत लावत ढकलत नेल्यासारखं. मी जाऊन उचललं. ओलं होतं, आणि कोमट होतं. कोल्हे आमच्याकडे येतात, मी ते पाहिलेत, भर दुपारीही येतात. पण ताटाभोवतीचं गवत अर्धवर्तुळात, मुळापर्यंत, दातांनी तोडलेलं होतं. कोल्हा गवत खात नाही.

आत आले तर अप्पा टेबलाशी बसले होते, हात धुऊन. म्हणाले, "वाढ आता."

तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी. मुलगी शेजारी बसून बघत होती. आजोबा जेवताहेत या आनंदात तिला राहवलं नाही आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "आजोबा, आय एम सो सॉरी. तो डॉन्की रिटायर नाही झाला. त्याला त्यांनी... ही इज डेड, आजोबा."

मी तिच्याकडे डोळे वटारले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अप्पांनी घास गिळला, पाणी प्यायलं.

"मले ठाऊक हाय ना, बेटा," ते म्हणाले. "जित्ता असता तर एवढा समुद्र कसा पार केला असता त्यानं?"

पुढचे काही आठवडे आमच्या घरात आनंदीआनंद होता. अप्पांच्या गालांवर मांस आलं, डबे वेळेवर बाहेर जायला लागले. साखर ताळ्यावर आली. मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्या माणसाच्या मनाचा खेळ होता, त्याला हवं ते मिळालं आणि सुटला. घंटेचं काय, गवताचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. सुटलेल्या गाठीचं टोक कुणी ओढत बसत नाही.

मग जुलैतली एक संध्याकाळ. इकडचा जुलै, म्हणजे अंगात स्वेटर. अप्पा बराच वेळ बगीच्यात होते. आत आले आणि नेहमीप्रमाणे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. मी स्वेटर वर ओढला, त्याबरोबर आतला बनियनही थोडा सरकला आणि मला त्यांच्या मानेचं बूड दिसलं. पिवळं होतं. हळद आणि तूप. ओबडधोबड, पसरट, कुणीतरी जिभेने किंवा थोबाडाने चोळावं तसं, आणि त्याला तोच धुळीचा वास.

माझं डोकं आधी नेहमीच्या वाटेने धावलं. यांनी स्वतः लावलं. पण यांचा हात तिथं पोचत नाही. मुलगी अजून मैत्रिणीकडे, नवरा ट्रेनमध्ये. आमच्या तुपाच्या डब्याचं झाकणही त्या आठवड्यात उघडलं नव्हतं, कारण आदल्या रविवारी आणलेला नवा डबा तसाच सीलबंद होता.

"अप्पा, हे काय आहे?"

ते वळले. चेहरा अगदी निवांत होता. म्हणाले, "खांदा हलका झाला बाई. किती वरसानं." आणि मग, जसं कुणाकडे बारशाला जायचं असावं तसं, "आवतन आलं. उद्या मले जेवाले जायचं हाय."

आपल्यात रीतच आहे. जेवून गेलेला पाहुणा कधी ना कधी उलट बोलावतो, आणि बोलावलं की जावं लागतं. फक्त हा पाहुणा राहतो कुठं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नवऱ्याला अर्धंमुर्धं सांगितलं, तो म्हणाला, "पुन्हा तेच? मी थांबू का?" मी म्हटलं जा. त्याची बेसिंगस्टोकला मोठी मीटिंग होती, आणि खरं सांगायचं तर वाईट गोष्टीला पाणी घालणारा माणूस मला त्या दिवशी घरात नको होता. अप्पा सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून दारापाशी बसले. चहासुद्धा नको म्हणाले. बोलावलेल्या घरी भूक घेऊन जावं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या डोक्यात एकच होतं. माझ्या घरातून माणूस न्यायचा, तर मला विचारल्याशिवाय न्यायचा नाही.

पुण्याची माणसं दारात आलेल्या पाहुण्याला "जेवूनच आला असाल ना?" असं विचारतात, ही टिंगल मी लग्न झाल्यापासून या वऱ्हाडी घरात ऐकत आलेय. त्या दिवशी तीच कामाला आली. मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, ठेचा केला, वर लोणी. टेबल ओढत ओढत त्यांच्या खुर्चीपाशी आणलं आणि ताट समोर ठेवलं.

"जेवा."

"बाई, मले बलावलं हाय ना."

"पोट भरलेल्या माणसाला आवतण लागू होत नाही. जेवून झालं असेल तर जायचं कारण नाही."

"हे कोनी सांगतलं?"

"मी सांगते. आमच्या पुण्यात असंच असतं."

त्यांना हसू आलं. तेवढ्यात बगीच्याच्या टोकाला घंटा खडखडली. भर दुपारी, स्वच्छ उजेडात, एकदा. अप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. मी त्यांच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिले, आणि जे ठरवलं नव्हतं ते बोलून गेले. "अप्पा, मला तुम्ही हवे आहात. कपड्यांच्या घड्यांसाठी नाही आणि पार्सलांसाठी नाही. संध्याकाळी मी तणतणत घरात येते तेव्हा तुम्ही इथं बसलेले असता, म्हणून मला हे घर वाटतं. तुम्ही गेलात तर मी काय करू?" नाक वाहत होतं, हातांना पीठ होतं, नाक पुसायचीही सोय नव्हती.

त्यांनी खुर्चीचे दांडे सोडले. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. एक घास, मग दुसरा. सगळं ताट जेवले. वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मी जमिनीवर बसून त्यांचा प्रत्येक घास मोजला असता, पण डोळे भरून येत होते.

हात धुतले आणि पायात चपला घालायला लागले.

"आता कुठं?" मी ओरडलेच.

"जेवाले नाई. सांगाले. आलेल्या आवतनाले जबाब नोको द्यायले?"

मी त्यांचा दंड घट्ट धरून बरोबर गेले. बगीच्याच्या टोकाला, हेजसमोर आम्ही उभे राहिलो. वारा नव्हता. सगळी हेज स्थिर होती, फक्त एका जागची पानं, माझ्या छातीच्या उंचीवर, आत जायची आणि बाहेर यायची. आत, बाहेर. सावकाश. पलीकडून कुणीतरी श्वास घेत होतं. ऊब माझ्या मनगटापर्यंत येत होती.

अप्पा त्या पानांकडे तोंड करून, गावातल्या एखाद्या जुन्या सोबत्याशी बोलावं तसं बोलले. "आज नाई जमत गा. सून रडते. पुढच्या साली, याच टायमाले येतो."

पानं आणखी एकदा बाहेर आली आणि मग थांबली.

मी त्यांना घरात आणलं. दार लावलं, कुलूप घातलं, आणि मग माझा ताबा सुटला. "पुढच्या साली कशाला म्हणालात? सरळ नाही म्हणायचं होतं!"

"आवतनाले नाई म्हनत नाई, बाई," ते म्हणाले. "ढकलता येते फकत."

त्याला आता वर्ष होत आलं. अप्पा छान आहेत, दोन्ही वेळा जेवतात, नवरा ती सगळी गोष्ट पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतो आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. मुलगी यंदा सुट्टीला कुठंच जायला नको म्हणाली. काल अप्पा हाय स्ट्रीटवर जाऊन केस बारीक करून आले. आज सकाळी एक पांढरा सदरा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, इस्त्री कुठं ठेवलीय विचारायला.

मी म्हणाले, "बिघडलीय, अप्पा. दुरुस्त व्हायला फार दिवस लागतील."